नळीत शिरलेले प्रथिन बाहेर कसे येते?

श्रोतेहो, प्रथिनांचा औषध म्हणून वापर करताना पहिली अडचण येते ती त्यांच्या नाजूकपणाची. तोंडावाटे घेतली तर पाचकरसांतली विकरे त्यांचे तुकडे करतात, आणि रक्तात सोडली तरी आकार व विद्युतभार यांमुळे ती पेशीच्या पटलातून सहजासहजी आत जात नाहीत. म्हणून त्यांना एखाद्या वाहकात बसवून न्यावे, ही कल्पना पुढे आली. १९९१ मध्ये सुमिओ इजिमा यांनी कार्बनच्या नॅनोनलिकांचे वर्णन प्रसिद्ध केले आणि पुढे या पोकळ नळ्यांकडे वाहक म्हणूनही पाहिले जाऊ लागले. संगणकावरच्या अभ्यासात प्रथिन नळीत शिरते का, हेच बहुधा आधी तपासले जाते. मला मात्र ते बाहेर येते का, आणि आले तर कोणत्या अवस्थेत, हा प्रश्न अधिक महत्त्वाचा वाटतो.

आमची पद्धत रेणू-गतिकीची. प्रत्येक अणू हा वस्तुमान आणि विद्युतभार असलेला बिंदू मानायचा, शेजारच्या अणूंमुळे त्याच्यावर येणारे बल काढायचे, न्यूटनच्या नियमाने त्याला किंचित पुढे सरकवायचे, आणि हेच पुन्हा पुन्हा करायचे. अनीसुर रहमान यांनी १९६४ मध्ये ८६४ आर्गॉन अणूंचा द्रव असा अभ्यासला. १९७७ मध्ये मार्टिन कारप्लस यांच्या गटाने ५८ अमिनो आम्लांच्या एका प्रथिनाची हालचाल जेमतेम ९ पिकोसेकंद (सेकंदाच्या अब्जाव्या भागाचा हजारावा भाग म्हणजे एक पिकोसेकंद) पाहिली. आज मायक्रोसेकंदापर्यंत पोहोचता येते. पण एक पायरी २ फेम्टोसेकंदांची (फेम्टोसेकंद म्हणजे पिकोसेकंदाचा हजारावा भाग) असल्याने त्यासाठी ५० कोटी पायऱ्या चढाव्या लागतात.

आता इन्सुलिनचे उदाहरण घेऊ. त्यात ५१ अमिनो आम्ले असतात, सुमारे ८०० अणू असतात, आणि घडी घातलेल्या स्थितीत एका रेणूची रुंदी अडीच-तीन नॅनोमीटर भरते. कार्बनची जाळी कशी गुंडाळली आहे हे सांगणाऱ्या आकड्यांच्या जोडीवरून ज्या नलिकेला आम्ही ‘वीस-वीस’ म्हणतो तिचा व्यास २.७ नॅनोमीटर आहे, त्यामुळे इन्सुलिन तिच्यात कसेबसे मावेल असे वाटते. परंतु हा व्यास भिंतीतल्या कार्बन अणूंच्या केंद्रापासून केंद्रापर्यंत मोजलेला असतो. अणूंची स्वतःची जाडी वजा केली की आत जेमतेम २.४ नॅनोमीटर मोकळी जागा उरते, आणि तेवढ्यात प्रथिनाला अंग चोरल्याशिवाय शिरता येत नाही. ‘तीस-तीस’ नलिका घेतली, तर मोकळी जागा ३.७ नॅनोमीटर मिळते आणि प्रथिनाभोवती पाण्याचा एखादा थरही राहू शकतो.

या पाण्याने मला एकदा चांगलाच धडा दिला. सुरुवातीच्या काळात मी पाण्याच्या पेटीत नळी ठेवली, तिच्या तोंडाशी प्रथिन ठेवले आणि गणन सुरू केले. प्रथिन झर्रकन आत ओढले गेले आणि मी आनंदलो. नंतर पहिली काही चित्रे एकेक करून पाहिली, तेव्हा लक्षात आले की नळीच्या आत आरंभी पाणीच नव्हते; निर्वात पोकळी प्रथिनाला शोषून घेत होती. नळी आधी पाण्याने भरू दिली, मगच प्रथिन मोकळे सोडले, तेव्हा त्याचा प्रवेश संथ आणि अडखळत झाला, कारण आता आतल्या पाण्याला बाहेर सारूनच त्याला जागा मिळवावी लागत होती. पाण्याविषयी इतका काटेकोरपणा का हवा, हे गेरहार्ड हुमर आणि सहकाऱ्यांनी २००१ मध्ये ०.८ नॅनोमीटरच्या नळीवर दाखवले होते. भिंत आणि पाणी यांमधले आकर्षण थोडेसे कमी केले, की भरलेली नळी अधूनमधून रिकामी होऊ लागते. बलक्षेत्रातल्या, म्हणजे अणूंमधली बले ठरवणाऱ्या सूत्रांतल्या, एका आकड्याचा परिणाम एवढा मोठा असतो.

प्रथिन आत गेल्यावर काय होते, ते जवळून पाहण्यासारखे आहे. टायरोसिन किंवा फेनिलअ‍ॅलानिन या अमिनो आम्लांचे सपाट कडे वळते आणि भिंतीला समांतर होऊन सुमारे ०.३५ नॅनोमीटर अंतरावर चिकटते. एक चिकटले की शेजारचे चिकटायला सोपे जाते. शरीराच्या तापमानाला उष्णतेचे धक्के दर मोलला २.६ किलोजूलच्या पातळीचे असतात, आणि अनेक ठिकाणी पडलेली ही पकड मिळून त्यांच्या कितीतरी पट भरते. प्रवेश सोपा करणारे आकर्षणच सुटका कठीण करते. शिवाय भिंतीला बिलगताना प्रथिनाच्या सर्पिलाची घडी उलगडली, तर बाहेर येणारा रेणू पेशीवरच्या ग्राहीला, म्हणजे त्याला ओळखून जोडून घेणाऱ्या प्रथिनाला, ओळखू येईलच असे नाही.

अशी सुटका आपोआप घडण्याची वाट पाहत बसता येत नाही, म्हणून प्रथिनाला काल्पनिक स्प्रिंग जोडून ओढतात. येथे सावध राहावे लागते. सेकंदाला एक मीटर हा वेगही रेणूच्या दृष्टीने फार मोठा आहे आणि लावलेल्या कामाचा बराच भाग घर्षणात जातो. जार्झिन्स्की यांच्या १९९७ च्या समीकरणाने अशा अनेक ओढींतून मुक्त ऊर्जा, म्हणजे घर्षण वगळता सुटकेला खरोखर लागणारे किमान काम, काढता येते, पण सरासरीवर मोजक्याच विरळ ओढींचा पगडा असतो. म्हणून मी नळीच्या अक्षावर टप्प्याटप्प्याने प्रथिन थांबवून प्रत्येक टप्पा स्वतंत्रपणे तपासणे पसंत करतो.

सुटकेसाठी नळीच्या तोंडाशी कार्बोक्सिल गट (प्रोटॉन सोडू-घेऊ शकणारे आम्लधर्मी अणुगट) बसवण्याचा एक मार्ग सुचवला जातो. रक्ताच्या ७.४ सामूला ते ऋणभारित असतात आणि पेशीतल्या आम्लधर्मी पिशव्यांमध्ये त्यांतले काही भार गमावतात. नेहमीच्या गणनात मात्र प्रोटॉन जागचे हलत नाहीत; कोणता गट भारित हे आपणच आधी ठरवून टाकतो. त्यामुळे भारित आणि भाररहित अशी किमान दोन तोंडे वेगवेगळी चालवून, दोन्हींत बाहेर येण्यास किती मुक्त ऊर्जा लागते याची तुलना करावी लागते, आणि बाहेर आलेल्या प्रथिनाला पुन्हा निव्वळ पाण्यात सोडून त्याची घडी परत बसते का, तेही पाहावे लागते.