शिवडीपासून कोबेपर्यंत

[दृश्य : हिवाळ्यातली सकाळ. शिवडीची खाडी, ओहोटीचा चिखल, त्यात उतरलेले फ्लेमिंगो आणि मागे अटल सेतू.]

ओहोटी लागली की शिवडीच्या काळ्या चिखलात फ्लेमिंगोंचे थवे उतरतात आणि त्यांच्या पाठीमागे अटल सेतूचे खांब एकामागून एक धुरकट हवेत दिसेनासे होत जातात. 12 जानेवारी 2024 रोजी खुला झालेला हा पूल 21.8 किलोमीटर लांब असून त्यातला सुमारे साडेसोळा किलोमीटरचा भाग समुद्रावर आहे. त्याच्या खर्चाचा मोठा वाटा ‘जायका’ या जपानी सरकारी संस्थेच्या कर्जातून आला. पुलाच्या मुंबईकडच्या टोकाला लागूनच कॉटन ग्रीनचा परिसर आहे. हार्बरच्या लोकलने रोज जाणाऱ्यांना हे केवळ स्थानकाचे नाव वाटते. परंतु कुलाब्याचा कापूसबाजार गेल्या शतकात येथे हलवण्यात आला आणि त्याची गोदामे व हिरव्या रंगाची कापूस विनिमय केंद्राची इमारत अजूनही उभी आहे. भारत आणि जपान यांच्या आधुनिक व्यवहाराची सुरुवात याच कापसाने केली. पूल आणि गोदामे शेजारी शेजारी यावीत हा योगायोग खरा, पण निवेदकाला यापेक्षा सोयीची सुरुवात मिळाली नसती.

[दृश्य : कापसाच्या गाठी, वाफेवरची जहाजे, जुनी छायाचित्रे.]

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ओसाकाच्या सूतगिरण्यांना कच्चा कापूस हवा होता आणि मुंबईकडे तो मुबलक होता. अडचण होती ती जहाजभाड्याची. पूर्वेकडे जाणाऱ्या मालाचे भाडे पी अँड ओ ही बलाढ्य ब्रिटिश कंपनी आणि तिच्या जोडीदार कंपन्या आपसांत ठरवत असत. जमशेटजी टाटा 1893 मध्ये जपानला गेले आणि निप्पॉन युसेन कैशा या जपानी कंपनीशी त्यांनी हातमिळवणी केली. त्याच वर्षी ‘हिरोशिमा मारू’ हे जहाज जपानच्या कोबे बंदरातून मुंबईकडे निघाले आणि जपानी कंपनीचा दूरच्या सागरी मार्गावरचा पहिला नियमित फेरा सुरू झाला. ब्रिटिश कंपनीने उत्तरादाखल भाडे इतके खाली आणले की ते नाममात्रच उरले. टाटांची स्वतःची जहाजसेवा त्यात टिकली नाही, जपानी कंपनी मात्र टिकली.

या कथेची दुसरी बाजू भागीदारीच्या गौरवात बहुधा गाळली जाते. मुंबईचा कापूस स्वस्तात जपानला पोहोचू लागला तसे जपानी सूत स्वस्त झाले आणि चीनच्या ज्या बाजारात मुंबईच्या गिरण्या आपले सूत विकत होत्या, त्याच बाजारातून त्यांना त्या सुताने मागे रेटले. पुढे जपानी कापड थेट भारतातच येऊ लागले. 1933 मध्ये वसाहतीच्या सरकारने ब्रिटनखेरीज इतर देशांच्या सुती कापडावरची जकात 75 टक्क्यांवर नेली, तेव्हा जपानी गिरण्यांनी भारतीय कापसावर बहिष्कार घातला. गिरणीमालकांना जकातीचा लाभ होत असताना कापूस पिकवणाऱ्याचा मोठा गिऱ्हाईक एका रात्रीत दुरावला. अखेर 1934 मध्ये तोडगा निघाला : जपानने पंधरा लाख गाठी कापूस घेतला तर चाळीस कोटी वार कापड भारतात आणता येईल. इतक्या गाठींना इतके वार, असा रोखठोक हिशेब. या दोन देशांच्या संबंधांकडे पाहताना असे वाटते की त्यांचे बळ स्नेहाच्या भाषणांपेक्षा या सवयीत अधिक आहे. तंटा झाला की तो कलमांत आणि आकड्यांत बसवायचा आणि व्यवहार पुढे चालू ठेवायचा.

[दृश्य : टोकियोतील उएनो प्राणिसंग्रहालय, हत्तीभोवती जमलेली मुले.]

महायुद्धाच्या काळात, 1943 मध्ये, उएनो प्राणिसंग्रहालयातले हत्ती उपाशी ठेवून मारण्यात आले होते. युद्धानंतर टोकियोच्या मुलांनी हत्ती मिळावा म्हणून भारताच्या पंतप्रधानांना पत्रे लिहिली. पंडित नेहरूंनी म्हैसूरकडची एक हत्तीण निवडून 1949 च्या सप्टेंबरमध्ये जहाजाने पाठवली आणि तिला आपल्या मुलीचे, ‘इंदिरा’ हे, नाव दिले. हत्तीणीला हुकूम कानडीतले कळत असल्याने जपानी रखवालदारांना सोबत आलेल्या माहुतांकडून आधी ते शब्द शिकावे लागले. राजनैतिक संबंध प्रस्थापित होण्याआधी दोन देशांमध्ये भाषांतराचे काम असे एका हत्तीणीपायी सुरू झाले होते.

औपचारिक पाऊल त्यानंतर पडले. 1951 च्या सॅन फ्रान्सिस्को परिषदेला भारत गेला नाही, कारण तिथल्या तहातल्या अटी जपानला पुरेशी सन्मानाची जागा देत नाहीत असे भारताचे मत होते. 28 एप्रिल 1952 रोजी राजनैतिक संबंध जुळले आणि 9 जून 1952 रोजी दोन्ही देशांनी स्वतंत्र शांतता तह केला, ज्यात भारताने युद्ध-नुकसानभरपाईचा हक्क सोडून दिला. जपानी नेत्यांवर युद्धगुन्ह्यांसाठी चाललेल्या टोकियो खटल्यात भारतीय न्यायमूर्ती राधाबिनोद पाल यांनी दिलेला भिन्नमताचा निकालही जपानमध्ये विसरला गेलेला नाही.

भरपाई सोडून देणाऱ्या देशाला पुढे कर्ज मिळाले. 1957 मध्ये आधी जपानचे पंतप्रधान किशी भारतात आणि मग नेहरू जपानमध्ये जाऊन आले, आणि 1958 मध्ये जपानने आपल्या इतिहासातले पहिले येन-कर्ज भारताला दिले. रक्कम होती 18 अब्ज येन. जपानला त्या काळी आपल्या पोलाद कारखान्यांसाठी खनिज हवे होते, हेही येथेच नोंदवायला हवे. गोवा तेव्हा पोर्तुगीजांच्या ताब्यात होता, तरी डिचोली, सत्तरी, सांगे या तालुक्यांतले लोहखनिज बार्जेसमध्ये भरून मांडवी आणि झुवारीतून मुरगाव बंदरात येत असे आणि तिथून जपानी कारखान्यांकडे जात असे. मुक्तीनंतरही कित्येक दशके जपान हा गोव्याच्या खनिजाचा सर्वांत मोठा ग्राहक राहिला. ती जागा पुढे चीनने घेतली.

[दृश्य : गुडगावचा कारखाना, जुळणीची रांग.]

मारुतीची गोष्ट बहुतेकांना ठाऊक असल्याने ती थोडक्यात सांगतो. 1982 मध्ये सुझुकीने 26 टक्के हिस्सा घेतला आणि 14 डिसेंबर 1983 रोजी पहिल्या मोटारीची किल्ली ग्राहकाच्या हाती पडली. मोटारीइतकाच परिणाम कारखान्यातल्या पद्धतीचा झाला : साहेब आणि कामगार यांना एकच गणवेश, एकच उपाहारगृह, आणि काम सुरू होण्याआधी सर्वांचा व्यायाम. 

मे 1998 मधील अणुचाचण्यांनंतर हे सगळे थबकले. अणुबाँबचा दाह सोसलेल्या जपानने नवी कर्जे आणि अनुदाने रोखली आणि ते निर्बंध 2001 च्या ऑक्टोबरमध्ये उठवले. परंतु आधी मंजूर झालेले दिल्ली मेट्रोचे कर्ज सुरूच राहिले आणि 2002 च्या डिसेंबरमध्ये पहिली गाडी धावली. ज्या मुद्द्यावर संबंध तुटू शकले असते, त्याच मुद्द्यावर 2016 मध्ये दोन्ही देशांनी नागरी अणुकरार केला आणि 2017 मध्ये तो अमलात आला.

[दृश्य : मुंबई–अहमदाबाद द्रुतगती रेल्वेमार्गाचे खांब, पालघरमधले पाडे, ठाण्याची खाडी.]

या संबंधांची आजची कसोटी कोणती, असे विचारले तर उत्तर 508 किलोमीटर लांबीच्या बुलेट ट्रेनच्या मार्गाकडे बोट दाखवते. 14 सप्टेंबर 2017 रोजी साबरमतीत पंतप्रधान मोदी आणि जपानचे तेव्हाचे पंतप्रधान आबे शिंझो यांनी तिचे भूमिपूजन केले. मूळ अंदाजानुसार एकूण खर्च सुमारे 1 लाख 8 हजार कोटी रुपये असून त्याच्या 81 टक्के कर्ज जपानने देऊ केले, व्याज 0.1 टक्का, मुदत 50 वर्षे, आणि परतफेडीची सुरुवात 15 वर्षांनंतर. व्याज ऐकून हे जवळजवळ फुकट आहे असे म्हणणारे पुष्कळ भेटतात. मात्र कर्ज येनमध्ये फेडायचे असते, त्यामुळे रुपयाची किंमत घसरली तर ओझे आपल्या खांद्यावर वाढते, शिवाय अशा सवलतीच्या कर्जांच्या बदल्यात ठरावीक प्रमाणात सामग्री आणि तंत्रज्ञान जपानकडूनच घ्यावे लागते. ही फसवणूक नव्हे. 1934 च्या गाठी-वारांचाच हा नवा अवतार आहे, आणि तो त्याच डोळसपणाने वाचला पाहिजे.

गुजरातच्या तुलनेत महाराष्ट्रात काम मागे पडले. पालघर जिल्ह्यातील आदिवासी पाड्यांनी आणि शेतकऱ्यांनी जमिनी देण्यास विरोध केला. ज्या गावात गाडी थांबणार नाही त्या गावाने आपली वाडी का द्यावी, हा त्यांचा प्रश्न होता आणि तो टोकियोला नव्हे, तर आपल्या सरकारला विचारलेला होता. खारफुटीचा वाद उच्च न्यायालयात गेला आणि सुमारे 20 हजार झाडे तोडण्याची परवानगी 2022 च्या डिसेंबरमध्ये मिळाली. वांद्रे-कुर्ला संकुलापासून शिळफाट्यापर्यंतच्या 21 किलोमीटर बोगद्याचा सात किलोमीटरचा भाग ठाण्याच्या खाडीखालून जातो.

व्यापाराच्या वहीत मात्र अजूनही तोल नाही. 1 ऑगस्ट 2011 पासून सर्वंकष आर्थिक भागीदारी करार लागू झाला, बहुतेक वस्तूंवरची जकात उतरू लागली. तरीही 2023-24 मध्ये भारताने जपानला विकलेला माल सुमारे पाच अब्ज डॉलरचा होता आणि जपानकडून घेतलेला साडेसतरा अब्जांहून अधिक. जकात उतरली तरी जपानी दर्जाचे निकष आणि तपासण्या ओलांडणे भारतीय औषधांना आणि शेतमालाला सोपे गेले नाही. म्हणूनच कराराचा फेरविचार व्हावा, असे भारत म्हणत आला आहे.

[दृश्य : पुण्यातला जपानी भाषेचा वर्ग. फळ्यावर काताकाना लिपी.]

या तुटीच्या उलट दिशेने एक गोष्ट जाऊ लागली आहे, ती म्हणजे माणसे. जपान वृद्ध होत चालला आहे, तिथे काम करणारे हात कमी पडत आहेत, आणि ऑगस्ट 2025 मध्ये दोन्ही देशांनी पाच वर्षांत पाच लाख लोकांच्या देवाणघेवाणीचे उद्दिष्ट ठरवले, ज्यात भारतातून जाणारे 50 हजार कुशल कर्मचारी आणि तज्ज्ञ धरले आहेत. टोकियोच्या एदोगावा भागातील निशी-कासाई परिसर आज भारतीयांची वस्ती म्हणून ओळखला जातो, आणि अंबरनाथला जन्मलेले योगेंद्र पुराणिक 2019 मध्ये तिथल्या एदोगावा सभागृहावर निवडून आले. पुण्यात जपानी भाषेचे वर्ग अनेक वर्षांपासून भरतात आणि जुलै व डिसेंबरमधल्या प्रावीण्य परीक्षेसाठी दूरदूरच्या जिल्ह्यांतून मुले येतात.

वर्गाच्या पहिल्या आठवड्यात प्रत्येकाला आपले नाव काताकानात लिहायला सांगतात. जपानीत ‘र’, ‘ल’ आणि ‘ळ’ यांना एकच अक्षर असल्याने आडनाव काळे असलेली मुलगी फळ्यावर स्वतःचे आडनाव लिहून मागे सरकते, ते ‘कारे’ असे वाचून हसते, आणि पुढच्या अक्षराकडे वळते.