विणलेल्या कार्बन फायबरचं मॉडेल: खरी गोम धागे एकमेकांवरून जातात तिथे

नमस्कार मंडळी! हा माझ्या हातात साधा सुती रुमाल आहे. काठाला समांतर ओढला, तर जेमतेम ताणला जातो. आता दोन समोरासमोरचे कोपरे धरून तिरका ओढते... बघा, लगेच लांबला. कापड तेच, जोर तेवढाच, फक्त दिशा बदलली.

आता हा कार्बन फायबरचा तुकडा. यातही ताणा-बाणाच आहे, पण सुताच्या जागी कार्बनचे टो, म्हणजे तंतूंचे जुडगे. या कापडाच्या एका टोमध्ये 3000 तंतू आहेत, आणि एकेक तंतू साधारण 7 मायक्रॉन जाडीचा. त्यात इपॉक्सी हे चिकट रेझिन मुरवून ती घट्ट होऊ दिली की झालं कॉम्पोझिट.

याचा ताठपणा कॉम्प्युटरवर कसा काढायचा? एकेक तंतू काढत बसलो, तर वीतभर तुकड्यातच कॉम्प्युटर हात टेकेल. म्हणून विणीत पुन्हापुन्हा येणारा सगळ्यात छोटा चौकोन घ्यायचा, युनिट सेल. साध्या विणीत तो दोन ताणे आणि दोन बाणे एवढाच असतो. डाव्या कडेला जो बाक येईल तोच उजव्या कडेलाही यायला हवा, नाहीतर शेजारचा चौकोन जुळणारच नाही.

इथवर सोपं आहे. पण नेहमीच्या कार्बन तंतूचा ताठपणा लांबीच्या दिशेने सुमारे 230 गिगापास्कल, आणि आडव्या दिशेने 15 च्या आसपास. ताणा बाण्यावर चढतो-उतरतो तिथे तंतू किंचित तिरपे होतात आणि ताठपणा झरझर उतरतो. म्हणून तो चढ-उतार अचूक काढणं मला बारीक मेशपेक्षा (गणितासाठी मॉडेलचे पाडलेले छोटे तुकडे) कितीतरी महत्त्वाचं वाटतं.

विणीचं मॉडेल करायला मी नॉटिंगहॅम विद्यापीठाचं टेक्सजेन हे सॉफ्टवेअर वापरते. ते मोफत आहे, जरूर वापरून बघा. सुरुवातीला मी टोचा छेद (आडवा कापल्यावर दिसणारा आकार) लंबगोल धरला, तर एकमेकांवरून जाणारे टो थोडे एकमेकांत घुसले. एकाच जागी दोन वस्तू! मग मी टो बारीक केले. पण एकूण कार्बन तर तेवढाच हवा, म्हणून टोच्या आत तंतू जास्त धरावे लागले. ते प्रमाण 94 टक्क्यांवर गेलं आणि कॉम्प्युटरने मुकाट्याने उत्तरही दिलं. सारख्या जाडीचे गोल तंतू कितीही दाबून बसवा, 90.7 टक्क्यांपेक्षा जास्त जागा ते भरूच शकत नाहीत. पूर्ण आठवड्याचं काम फुकट गेलं.

उपाय म्हणजे खऱ्या तुकड्याचा एक्स-रे सीटी स्कॅन. त्यात टो दाबून भिंगासारखे चपटे झालेले स्पष्ट दिसतात, तोच आकार मॉडेलमध्ये घ्यायचा.

विमानाच्या लीप इंजिनात पंख्याची 18 पाती त्रिमितीत विणलेली असतात. थर सुटू नयेत म्हणून धागे जाडीतूनही आरपार ओवलेले, त्यामुळे तिथे हे काम आणखी किचकट.

तुम्ही मॉडेल करत असाल, तर रन देण्याआधी टोमधलं तंतूंचं प्रमाण तेवढं बघा. 70-75 टक्क्यांच्या आसपास असेल तर पुढे जा. 90 च्या जवळ असेल, तर आधी छेद बदला.