खाणीच्या काठावर

ही चित्रं कोळशाच्या एका खाणीविरुद्धच्या लढ्याची. आधी हे फिरणारं चाक नीट पाहून घ्या. चाकाला लावलेल्या या बादल्या माती ओरबाडत पुढे सरकतात. इथल्या बॅगर २८८ या यंत्राची उंची ९६ मीटर, आणि दिवसाला २ लाख ४० हजार टन उपसा करण्याची त्याची ताकद. खाली जमिनीत आहे लिग्नाइट, म्हणजे तपकिरी कोळसा. त्याचं जवळजवळ निम्मं वजन पाण्याचंच. जाळल्यावर मिळणाऱ्या विजेच्या मानाने धूर मात्र भरपूर.

ही जर्मनीतली गार्झवायलरची खाण. काठावर झाडांचा पुंजका दिसतोय ना, ते ल्युत्सेराथ गाव, खाणीच्या वाटेत आलेलं. गावकरी केव्हाच उठून गेले. शेवटचा शेतकरी कोर्टात हरला, २०२२मध्ये त्यानेही जमीन विकली. तोवर रिकाम्या घरांत आणि झाडांवर दुसरीच माणसं राहायला आली होती, खाणीला विरोध करणारी.

वर बघा. फांद्यांमध्ये दोरखंडांनी बांधलेली ही मचाणं. आत झोपायची जागा, बाहेर फडफडणारं कापड. एका झाडावरून दुसऱ्यावर जायचं ते या दोरांवरून, कमरेला पट्टा अडकवून.

आणि ही तिवई. तीन लांब बल्ल्या, टोकाशी एकच गाठ, त्या गाठीखाली टांगून बसलेली एक मुलगी. तिवईचा एक पाय हलवला, तर ती थेट खाली. म्हणून पोलिसांना करवत चालवता येत नाही. उंचावर चढणारं पथक आणावं लागतं, तिला अलगद उतरवावं लागतं. एका माणसामागे तासन् तास जातात. काही दोर तर मुद्दाम रस्त्यावरून ओढून मचाणाला बांधलेले. कुठला दोर कोणाचा जीव धरून आहे, हे आधी ओळखायचं, मगच गाडी पुढे न्यायची. स्वतःचं वजन, एवढंच यांच्याकडे हत्यार.

११ जानेवारी २०२३. गाव रिकामं करायला पोलिस आत शिरले. १४ तारखेला त्याविरुद्ध हा मोर्चा. पोलिस म्हणतात १५ हजार, आयोजक म्हणतात ३५ हजार. चित्र समोर आहे, तुम्हीच अंदाज करा. हवामानासाठी लढणारी स्वीडनची ग्रेटा थनबर्ग याच गर्दीत होती. पाऊस, वारा, आणि हा चिखल! शिरस्त्राणं घातलेले पोलिस गुडघ्यापर्यंत रुतलेत, आणि साधूच्या वेशातला एक जण त्यांच्यासमोर आरामात फिरतोय.

या झोपडीखाली भुयार आहे. आत दोघं जण. वर जड वाहन आलं तर छत कोसळायची भीती. १६ तारखेला ते आपणहून बाहेर आले.

दोन्ही बाजूंची माणसं जखमी झाली. शेजारच्या हाम्बाखच्या जंगलात, २०१८मध्ये, अशाच झुलत्या पुलावरून पडून चित्रीकरण करणारा एक तरुण गेला होता. सरकार आणि खाणकंपनीच्या करारामुळे इथल्या कोळशाची अखेर २०३८वरून २०३०वर आली, पाच गावं वाचली. त्या पाचांत ल्युत्सेराथ नव्हतं. जानेवारी संपायच्या आत गाव सपाट झालं.

हे शेवटचं झाड. दोर अजून लोंबतोय.