वाचकांकडून घेतलेली उचल

संयोजकांनी मला विषय दिला आहे, ‘वाचकांच्या पाठबळावर लेखन’. पाठबळ हा शब्द ऐकायला छान आहे, पण मी पैशांबद्दल बोलणार आहे. त्यातही वाचकांकडून पैसे कसे मिळवावेत हे सांगणारे खूप आहेत, त्यात मी भर घालत नाही. मिळालेले पैसे वर्षभर कसे पुरवायचे, हे मला जरा उशिरा कळलं. तेवढंच सांगते.

मी शेतमालाच्या बाजारांवर लिहिते. लासलगावचा कांदा, सांगलीची हळद, लातूरची तूर. महिन्याला एक मोठा लेख वर्गणीदारांना ईमेलने जातो. वर्षाला बारा लेख, वर्गणी १,२०० रुपये. म्हणजे एका लेखाचे शंभर. हा आकडा सोपा असावा म्हणून मुद्दाम ठरवला नव्हता, पण पुढे त्यानेच मला वाचवलं.

गुढीपाडव्याला सुरुवात केली. पहिल्या दहा दिवसांत १६३ जणांनी पैसे भरले. ऑनलाइन पैसे गोळा करून देणाऱ्या पेमेंट गेटवेवाल्यांचे साधारण दोन टक्के आणि त्यावरचा १८ टक्के जीएसटी कापून १ लाख ९१ हजारांच्या आसपास रक्कम खात्यात पडली. तोवर माझ्या खात्यात एकदम एवढे पैसे आले नव्हते. दिवाळी अंकांची मानधनं तुम्हाला माहीतच आहेत, दिवाळी झाल्यावर कधीतरी येतात आणि कुठल्या दिवाळीची ते आपण विचारायचं नसतं. तर मी काय केलं? ५८ हजारांचा लॅपटॉप घेतला. भाषांतराची दोन कामं आली होती, त्यांना ‘सध्या वेळ नाही’ असं कळवलं. लातूरला जाऊन आठ दिवस राहिले. घरात सांगून टाकलं की आता मी पूर्णवेळ लेखक.

दसऱ्याला खात्यात ४,१०० रुपये होते आणि पाच लेख द्यायचे बाकी होते.

दिवाळीच्या तोंडावर मी पाणी शुद्ध करणाऱ्या एका यंत्राची माहितीपुस्तिका मराठीत करत बसले होते. ‘फिल्टर बदलण्यापूर्वी नळ बंद करावा.’ दिवसभर हे, आणि रात्री अकरानंतर लेख. नोव्हेंबरचा लेख कसाबसा चौदाशे शब्दांचा झाला, एरवी चार-साडेचार हजारांचा असतो. दुसऱ्या दिवशी एका वाचकाचं एका ओळीचं उत्तर आलं: ‘ताई, या महिन्यात बाजार बंद होता का?’

त्या सुमारास मी बीडला गेले होते, ऊसतोडीच्या टोळ्या निघायच्या वेळी. तिथला व्यवहार तुम्हाला ठाऊक असेल. नवरा-बायकोचा मिळून एक कोयता धरतात. हंगामाच्या आधीच मुकादम कोयत्याला उचल देतो. ती उचल घराच्या डागडुजीत, लग्नात, दवाखान्यात जाते आणि मग फडावर ऊस तोडून फेडावी लागते. फिटली नाही तर पुढच्या वर्षाच्या हिशेबात चढते. मी वहीत हे टिपून घेत होते आणि लिहिता लिहिता थांबले. माझं दुसरं काय झालं होतं? मला आधी पैसे मिळाले होते, काम नंतर द्यायचं होतं, आणि उचल मी उन्हाळ्यातच खाऊन बसले होते. तुलना बरोबरीची नाही, हे मला कळतं. माझ्या वाचकांपैकी कुणी मुकादम नाही आणि माझे हात सोलत नाहीत. पण हिशेबाची जात तीच.

त्या दिवसापासून मी ‘उत्पन्न’ हा शब्द बदलला. वर्गणी जमा होते ती उचल. लेख गेला की तो ज्या ज्या वर्गणीदाराला गेला, त्याचे शंभर रुपये माझे. त्याआधी ते त्याचेच, फक्त माझ्याकडे ठेवलेले.

व्यवहारात हे असं चालतं. माझी दोन बचत खाती आहेत, दोन वेगळ्या बँकांत. एकाच बँकेत ठेवली की मोबाइलवर दोन बोटांत पैसे इकडचे तिकडे होतात, आणि रात्री साडेअकराला माणसाच्या हातून काय होईल सांगता येत नाही. वर्गणी पहिल्या खात्यात येते. त्या खात्याचं कार्डच मी घेतलेलं नाही. लेख पाठवला की दुसऱ्या दिवशी शंभर गुणिले वर्गणीदार एवढी रक्कम दुसऱ्या खात्यात वळवते, तो माझा पगार. लेख नाही, तर पगार नाही. शिवाय दोनशे पानी वहीत पैशांच्या रकान्याशेजारी आणखी एक रकाना आहे, त्याचं नाव ‘बाकी’. त्यात रक्कम नसते, लेख असतात. अमुक इतक्या माणसांचे अमुक इतके लेख देणं आहे, म्हणजे माणसं गुणिले लेख. बँकेच्या पासबुकात हा रकाना नसतो, म्हणून पासबुक पाहून आपण खूश होतो.

दुसऱ्या पाडव्याला १६३ पैकी ९७ जणांनी नूतनीकरण केलं. मी दोन दिवस जेवले नाही म्हटलं तर खोटं होईल, पण घरात कुणाशी बोलले नाही. पहिल्या वर्षी वर्गणी भरणाऱ्यांत माझ्या शाळेतल्या मैत्रिणी होत्या, जुन्या नोकरीतले सहकारी होते, दोन मामा होते. त्यांनी मला पैसे दिले होते, हळदीच्या लिलावाला नव्हे. दुसऱ्या वर्षी राहतात ते वाचक. म्हणून पहिल्या वर्षाच्या आकड्यावर घरभाडं ठरवू नका.

पण त्या ६६ जणांत एक वेगळीच गंमत निघाली. मी धीर करून एकेकाला विचारलं, तर वीसेक जणांना आपली वर्गणी थांबलीय हेच माहीत नव्हतं. कार्डाची मुदत संपली होती किंवा बँकेने आपोआप होणारी वजावट अडवली होती. रिझर्व्ह बँकेचा नियम १ ऑक्टोबर २०२१ पासून लागू आहे: कार्डावरून वारंवार रक्कम वळती करायची तर ग्राहकाची एकदा नीट परवानगी हवी आणि प्रत्येक वेळी किमान २४ तास आधी त्याला सूचना गेली पाहिजे. ग्राहक म्हणून मला हा नियम आवडतो. लेखक म्हणून मी तेव्हापासून प्रत्येकाला मुदत संपायच्या पंधरा दिवस आधी स्वतः पत्र लिहिते. पूर्वी मासिकांच्या व्ही. पी. (पोस्टमनला पैसे देऊन सोडवायची पाकिटं) परत यायच्या, तसंच हे. बाहेरच्या मंचांवर विसंबणाऱ्यांनी हेही लक्षात ठेवा की पेपाल या ऑनलाइन पैसे पोचवणाऱ्या कंपनीने १ एप्रिल २०२१ पासून भारतातल्या भारतात पैसे पोचवणं बंद केलं आणि तसंच काम करणाऱ्या स्ट्राइपने २०२४ मध्ये इथली नवी खाती फक्त निमंत्रणावर ठेवली. वर्गणीदारांना ईमेलने लेख पाठवायचा सबस्टॅक हा मंच आहे, तिथल्या लेखकांचे पैसे स्ट्राइपमधून येतात. दार आपलं नसलं की कुलूपही आपलं नसतं.

आता एका रुपयाची गोष्ट. ज्यांना १,२०० परवडत नाहीत त्यांनी जमेल तेवढे यूपीआयने पाठवावेत, असं मी लिहिते. लोक शंभर पाठवत नाहीत. ५१, १०१, ५०१ पाठवतात. एस.टी.तून निवृत्त झालेले एक वाहक दर महिन्याला ५१ पाठवतात आणि शेऱ्यात लिहितात, ‘कांद्यासाठी’. हा वरचा रुपया आहेराच्या पाकिटातला आहे. मला तो दिसला की बरं वाटतं, आणि माझ्या सीएला दिसला की त्यांच्या कपाळाला आठी पडते. कारण प्रश्न असा: हा आहेर की किंमत?

आयकरात फरक पडतो. नात्यात नसलेल्यांकडून वर्षात एकूण ५० हजारांपर्यंत भेट आली तर ती करमुक्त असते, त्यावर गेली की सगळीच करपात्र. हे वाचून काही लेखक-मित्र खूश झाले होते. पण आपण लिहितो म्हणून लोक देतात, तर ती भेट कशी? ते व्यवसायाचं उत्पन्नच, ५१ रुपयेसुद्धा. मी सगळं उत्पन्नात दाखवते. कलमांचे आकडे सांगत नाही, कारण आयकराचा नवा कायदा १ एप्रिल २०२६ पासूनचा, त्यात ते बदललेत. प्रकाशक पैसे देतानाच त्यातून कर (टीडीएस) कापतो, वाचक कापत नाही, त्यामुळे वर्षाचा कर १० हजारांच्या वर जाणार असेल तर १५ जून, १५ सप्टेंबर, १५ डिसेंबर आणि १५ मार्चला आगाऊ कर आपणच भरायचा. नव्या करप्रणालीत २०२५-२६ पासून १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर सवलतीमुळे कर शून्य होतो. मराठीत लिहून कुणी त्याच्यावर गेलंच, तर त्याचा जाहीर सत्कार करू. पण शून्य कर म्हणजे विवरणपत्र भरायचं नाही, असं नव्हे. आणि हो, वाचक विचारतात, ‘८०जीची पावती मिळेल का?’ नाही. देणगीवर करसवलत मिळवून देणारी ती पावती नोंदणीकृत संस्था देते. मी संस्था नाही, मी एक बाई आहे आणि एक वही.

परदेशातल्या पैशांबाबत मात्र हसण्यावारी नेऊ नका. परकीय अंशदान नियमन कायदा २०१० चा आहे, अंशदान म्हणजे देणगी. त्याच्या तिसऱ्या कलमात नोंदणीकृत वर्तमानपत्राचे वार्ताहर, स्तंभलेखक, व्यंगचित्रकार, संपादक यांना परकीय अंशदान घ्यायला मनाई आहे. मी एका दैनिकात पंधरवड्याला स्तंभ लिहिते, म्हणजे मी त्यात आले. न्यू जर्सीत राहणारा मराठी माणूस भारतीय पासपोर्टवर असेल तर तो परकीय स्रोत धरला जात नाही. त्याच घरातल्या त्याच्या बायकोने अमेरिकेचं नागरिकत्व घेतलं असेल तर ती धरली जाते. तिने वर्गणी भरून बिल घेतलं आणि लेख घेतले, तर ती सेवेची किंमत झाली, अंशदान नाही. तिने प्रेमाने ‘असेच ठेव’ म्हणून शंभर डॉलर पाठवले, तर ते मी परत करते. वाईट वाटतं लोकांना. प्रत्येकाने आपल्यापुरतं सीएला विचारून घ्यावं, पण माझ्या पानावर ‘देणगी’ आणि ‘भेट’ हे शब्द आता नाहीत. ‘वर्गणी’ आहे.

हे सगळं नवं आहे असं समजू नका. विष्णुशास्त्री चिपळूणकरांची ‘निबंधमाला’ जानेवारी १८७४ ला सुरू झाली, सात वर्षांत ८४ अंक, आणि जवळजवळ सगळं लेखन एकट्याचं. एका माणसाचं मासिक, वर्गणीदारांच्या जिवावर. त्यांचा बाणेदारपणा आपण शाळेत शिकतो. मला आता त्यांच्या तारखा जास्त दिसतात. सरकारी नोकरी त्यांनी १८७९ ला सोडली. म्हणजे माला सुरू झाल्यावर पाच वर्षं पगार चालू होता. नोकरी सुटली त्यानंतर शाळा आली, छापखाना आला, ‘केसरी’ आला. नुसत्या मालेवर कुणी घर चालवलं नाही. माझ्याही घरात वाचकांचा वाटा एक तृतीयांश आहे. बाकी भाषांतर आणि उपशीर्षकं. मी आता ‘पूर्णवेळ’ हा शब्द वापरत नाही.

हिशेब मी गणपती मंडळाकडून शिकले. आमच्या गल्लीतलं मंडळ विसर्जनानंतर फळ्यावर जमाखर्च लावतं: मांडव इतका, वाजंत्री इतकी, प्रसाद इतका, शिल्लक इतकी. मीही पाडव्याला तसाच लावते. लातूरचं एस.टी. भाडं, लॉज, माझा पगार, सगळं. पहिल्या वर्षीचा लॅपटॉपही लावला होता. त्यावर कुणी काही बोललं नाही, पण मला तो आकडा फळ्यावर फार मोठा दिसला.

मघाशी चहाच्या वेळी एका मुलीने विचारलं, की मध्येच आजारी पडलात, किंवा लिहिणंच सोडलंत तर? मला हा प्रश्न आवडला. वही स्वयंपाकघरात फ्रिजवर असते, पहिल्या खात्याला नॉमिनी म्हणून नवऱ्याचं नाव आहे आणि वहीच्या पहिल्या पानावर त्याच्यासाठी सूचना आहे: बाकीच्या रकान्यातला आकडा गुणिले शंभर, ज्याचे त्याला परत. गेटवेचे कापलेले पैसे मी वरून भरून ठेवलेत. आज सकाळी निघताना पाहिलं, बाकी १,०८३ होती, म्हणजे १ लाख ८ हजार ३०० रुपये. खात्यात १ लाख ११ हजार आहेत.