शाकारणीला आलेले पाहुणे

(जळगाव परिसरातल्या कारखान्यांतील स्वयंसेवकांसमोर झालेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, मला विषय दिलाय 'आदिवासी पाड्यांवरची घरदुरुस्ती'. दुरुस्ती हा शब्द कारखान्यातला. मशीन बिघडलं की दुरुस्त करतात. आपल्या खानदेशात घर शाकारतात. आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया झाली की मैदानातल्या धाब्यांवर, म्हणजे मातीच्या सपाट छपरांच्या घरांवर, खारी माती पडते. वर सातपुड्यात कौलं उतरतात, फुटकी बाजूला निघतात, कुजका वासा बदलतो, कुडाच्या, म्हणजे काटक्या-बांबूच्या भिंतीला शेणमातीचा नवा हात बसतो. मृग लागायच्या आत हे सगळं उरकायचं. हे दरवर्षीचंच काम, त्यामुळे तुम्ही पाड्यावर पोचता तेव्हा तिथे कोणी मदतीची वाट बघत हात जोडून बसलेलं नसतं. हे आधी सांगतो, कारण मला ते कळायला एक पावसाळा गेला.

मी बांधकाम खात्यातून शाखा अभियंता म्हणून निवृत्त झालो. त्यानंतर एका मोठ्या कंपनीचं पथक सातपुड्यात धडगावकडच्या एका पाड्यावर नेण्याचं काम माझ्याकडे आलं. चाळीस माणसं, सारख्या रंगाचे टी-शर्ट, एक बॅनर, दोन दिवस आणि अकरा घरं. जुनी कौलं काढून पत्रे टाकायचे, असं वरूनच ठरून आलेलं. पोरं हुशार होती, मनापासून राबली. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी फोटो निघाले, बस चांदसैलीच्या घाटाने तळोद्याकडे उतरली आणि मी मनात म्हटलं, झालं बुवा!

जुलैत फोन आला. "दादा, एकदा येऊन बघा." बघायला गेलो. एका घरात म्हातारी चुलीजवळ बसली होती आणि तिच्याभोवती घरातली झाडून सारी भांडी मांडलेली. पातेली, तांब्या, ॲल्युमिनियमची परात, एक प्लास्टिकचा डबा. प्रत्येकात वेगळ्या सुरात थेंब पडत होता. ती मला काही बोलली नाही, परात जरा सरकवून बसायला जागा करून दिली.

वर चढून पाहिलं. पत्र्याला नागमोडी पन्हळी असतात, म्हणजे एक उंचवटा, एक खाच. खिळा किंवा स्क्रू मारायचा तो उंचवट्यावर आणि त्याखाली डांबरी वॉशर द्यायचा. पाणी खाचेतून वाहतं, त्यामुळे उंचवट्यावरच्या भोकापर्यंत ते पोचत नाही. आमच्या पोरांनी खिळे मारले होते खाचेत. त्यांचंही खरं होतं. खाचेत पत्रा लाकडाला टेकतो, हातोडा नीट बसतो, उंचवट्यावर तो दबतो आणि नवखा माणूस घाबरतो. एका पत्र्यावर दुसरा चढवताना वीतभर तरी दाब हवा, तो चार बोटं ठेवलेला. वॉशरचं खोकं तर न फोडता कोपऱ्यात पडलेलं. आणि हे होत असताना मी, तीस वर्षं नोकरी केलेला माणूस, कुठे होतो? बॅनर सरळ लागलाय का ते बघत होतो.

त्या म्हातारीचं जुनं कौलांचं छप्पर गळायचं ते दोन ठिकाणी. आम्ही ते अकरा ठिकाणी गळतं करून दिलं. शिवाय पुढच्या मे महिन्यात त्या पत्र्याखाली दुपारी बसवेना. भुसावळ-जळगावात राहणाऱ्यांना पत्र्याखालची दुपार मी काय सांगायची! कौल थोडी हवा खेळू देतं, फुटलं तर एकटं बदलता येतं आणि गावातलं पोरगंही ते बदलू शकतं.

त्यानंतर मी त्या घरांकडे विद्यार्थ्यासारखा बघायला लागलो. छप्पर इतकं खाली का, की आत शिरताना मान लववावी लागते? आमच्या पथकातल्या एका साहेबांना दार उंच करायचं होतं, 'सन्मानाने आत जाता यावं' म्हणून. पण पाखं, म्हणजे छपराची उतरती बाजू, खाली उतरतं म्हणूनच सातपुड्यातला आडवा पाऊस मातीच्या भिंतीला लागत नाही. ते वर उचलाल तर दोन पावसाळ्यांत कूड उघडा पडेल. भिंतीवर सिमेंटचा गिलावा चढवायची हौसही तशीच. मातीची भिंत ओल घेते, ओल सोडते. सिमेंट ते करू देत नाही. ओल आत कोंडते आणि गिलावा पापुद्र्यासारखा सुटून येतो. तिथल्या बाया लिंपण करतात ते गरिबीपोटी, असं आपल्याला वाटतं. लिंपण हे काम आहे आणि त्यात त्या तुमच्या-माझ्यापेक्षा शंभर पटीने तरबेज आहेत.

सरकारी घरकुलाचंही थोडक्यात सांगतो. प्रधानमंत्री आवास योजना, ग्रामीण, २०१६ पासूनची. डोंगराळ भागात १ लाख ३० हजार रुपये आणि किमान २५ चौरस मीटर, त्यातच स्वयंपाकाची जागा. आपल्याकडे आदिवासींसाठी शबरी घरकुल योजना वेगळी. पक्कं घर मिळतं, ते हवंच. पण घाट चढून वाळू-सिमेंट नेताना आणि जिथे गाडीरस्ता संपतो तिथून पुढे डोक्यावर वाहताना त्या रकमेचं काय होतं, ते मिस्त्रीला विचारा. आणि २५ चौरस मीटरमध्ये बैल, शेळ्या, धान्याची कणगी कुठे ठेवायची? म्हणून घरकुलाच्या मागे कुडाचं घर उभंच राहतं. शाकारणी लागते ती त्याला.

आता तुमच्या कॅलेंडरकडे येतो. कंपनी कायदा २०१३ चा, त्याचं कलम १३५. मोठ्या कंपन्यांनी मागच्या तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या किमान २ टक्के सामाजिक कामावर खर्च करायचे. वर्ष संपतं ३१ मार्चला, म्हणून सगळ्यांना पाडा आठवतो फेब्रुवारी-मार्चात. त्या वेळी पाड्यावर असतं कोण? निम्मी घरं ऊसतोडीला गेलेली, गुजरातेत बारडोलीकडे. जी माणसं असतात, ती होळीच्या तयारीत. होळीआधीचे भोंगऱ्याचे बाजार भरतात, काठी गावची राजवाडी होळी जवळ आलेली असते. ऐन तेव्हा आपण हातोडे घेऊन दारात! आमच्या चाळीस जणांनी कुलूप असलेल्या एका घराचं छप्पर मालकाला न विचारता बदललं होतं. मालक वैशाखात परत आला आणि त्याने पहिलं विचारलं, "माझी कौलं कुठाय?" उत्तर कोणाकडेच नव्हतं.

ग्रामसभेला विचारलं असतं तर हे टळलं असतं. धडगाव, अक्कलकुवा हा राज्यघटनेच्या पाचव्या अनुसूचीतला आदिवासी भाग, ग्रामसभेला अधिकार देणारा १९९६ चा पेसा कायदा तिथे लागू आहे. २००६ च्या वनहक्क कायद्यात बांबू हे गौण वनोपज, म्हणजे गावाला जंगलातून घेता येणारा माल, धरलंय, त्यामुळे ज्या गावाला सामूहिक वनहक्क मिळालाय, तिथे बांबू गावाचाच आहे. तरी आम्ही तो ट्रकने खालून वर नेला होता. आता हसू येतं.

माणसांचे तास पैशात मोजून त्या दोन टक्क्यांत दाखवता येतील का, असं दर वर्षी कोणीतरी हळूच विचारतं. नाही. कर्मचाऱ्यांच्या विनामोबदला श्रमांचं मोल या खर्चात धरता येणार नाही, असं कंपनी मंत्रालयाने ऑगस्ट २०२१ च्या परिपत्रकात स्पष्ट केलंय. मला तो नियम आवडतो. तुमचे दोन दिवस हिशेबाबाहेर राहिले, तर ते पाहुणे म्हणून घालवता येतात.

पाहुणे म्हणजे कसे, हे नर्मदाकाठच्या गावांत आधीपासून ठरलेलं आहे. एखाद्याचं घर उभं करायचं असलं की तो गावाला हाक देतो, घरटी माणूस येतो, दिवसभर राबतो. मजुरी नाही. घरधनी जेवू घालतो आणि पुढे ज्याची हाक येईल त्याच्याकडे जातो. याला लाह म्हणतात. पलीकडे मध्य प्रदेशात झाबुआला हलमा. आमच्या पहिल्या पथकाने जेवणाची पाकिटं बरोबर आणली आणि बसमध्ये बसून खाल्ली. 'लोकांवर भार नको' हा चांगला हेतू, पण ज्याच्या घरी राबलो त्याची भाकर नाकारली. आता नियमच केलाय की ज्वारीची भाकरी आणि उडदाची डाळ, ओट्यावर बसून, सगळ्यांबरोबर. शिधा आपण आधी ग्रामसभेकडे पोचवतो, त्याचा फोटो काढत नाही.

बोलण्याचंही सांगतो. १९३० च्या दशकात तळोद्याजवळच्या मोरवडच्या गुलाम महाराजांनी भिल्लांना एकमेकांना 'आप' म्हणायला शिकवलं, लहानथोर सगळ्यांना. त्या मुलखात जाऊन साठीच्या माणसाला 'अरे, ती शिडी धर' म्हणू नका. आमच्यातल्या एकाने म्हटलं होतं. त्या माणसाने शिडी धरली, नंतर दिवसभर तो पथकाकडे फिरकला नाही. गावातला सगळ्यात चांगला सुतार तोच होता.

आता पथक मे महिन्यात जातं आणि पंधराच माणसं असतात. गावचा सुतार मुकादम, त्याला आणि त्याच्या जोडीदारांना दिवसाची पूर्ण मजुरी. आपण कौलं हातोहात खाली द्यायची, पाणी आणायचं, माती तुडवायची. माती तुडवण्यात संगणकवाले फार रमतात, का कोण जाणे. आणि पथकातले चार जण पहिला मोठा पाऊस झाल्यावर पुन्हा जातात. कॅमेरा नाही, टी-शर्ट नाही, फक्त शिडी आणि थोडी जादा कौलं. घरोघर विचारायचं, कुठे गळतं? गेल्या वर्षी त्या म्हातारीकडेही गेलो. तिच्या छपरावर पुन्हा कौलं आहेत, नातवाने चढवलेली. आमचे पत्रे तिने शेळ्यांच्या गोठ्यावर टाकलेत. तिथेही गळतात, पण शेळ्यांची तक्रार नाही म्हणाली.

या वर्षीची नावं मागच्या टेबलावर लिहून घेतायत. मेमधल्या दोन दिवसांसाठी जागा भरत आल्या आहेत. जुलैतल्या एका दिवसासाठी चार माणसं हवी आहेत, अजून एकच नाव आलंय.