गुडनाईट आजोबांचं दुसरं लग्न

(मंडळाच्या ज्येष्ठ मेळाव्यात केलेलं भाषण. वेबसाइटसाठी थोडं आवरून दिलंय, पण बोलले तसंच ठेवलंय.)

नमस्कार मंडळी. मला दहा मिनिटं दिलीयत आणि विषय दिलाय "टेक्सासमधलं माझं आवडतं काहीतरी". तुम्हाला वाटलं असेल ही आता ब्लूबॉनेटच्या फुलांवर बोलणार. तर नाही. मी बोलणारे एका लग्नावर. नवरदेव ९१ वर्षांचा, नवरी २६ ची. बघा, झाली मागच्या रांगेत खुसखुस सुरू!

नवरदेवाचं नाव चार्ल्स गुडनाईट. हो, आडनावच गुडनाईट, आणि त्याच नावाचं एक छोटंसं गाव आहे, अमॅरिलोच्या अलीकडे, २८७ नंबरच्या हायवेवर. गेल्या वर्षी मुलगा, सून, नातू असे सगळे पालो ड्युरो कॅन्यन बघायला निघालो होतो, डॅलसहून पाच-साडेपाच तासांचा रस्ता, दोन्हीकडे नुसतं सपाट, झाड नाही की डोंगर नाही, आणि मला पाय मोकळे करायचे होते म्हणून तिथे थांबलो. दुमजली लाकडी घर आहे, १८८७ सालचं, आता म्युझियम केलंय. मुलगा म्हणाला, आई दहा मिनिटं हं. दोन तास झाले.

हा माणूस १८३६ चा. शाळा पाहिली ती जेमतेम काही महिने, बाकी सगळं शिक्षण घोड्यावर. १८६६ मध्ये ऑलिव्हर लव्हिंग नावाच्या मोठ्या जोडीदाराबरोबर दोनेक हजार गुरं घेऊन हा टेक्सासमधून न्यू मेक्सिकोत फोर्ट समनरला गेला, मधे मैलोन्‌मैल पाणी नाही, गुरं तहानेने मरतायत, आणि तरी पुढच्या वर्षी परत तेच! त्या रस्त्याला दोघांचं नाव पडलं. आपल्या बायकांना आवडेल अशी गोष्ट म्हणजे चकवॅगन, गुरांबरोबर चालणारं फिरतं स्वयंपाकघर, ती याचीच कल्पना. आर्मीची जुनी वॅगन घेतली, मागे कप्प्याकप्प्यांचं लाकडी कपाट बसवलं, त्याचं झाकण खाली पाडलं की टेबल तयार, कॉफी, बीन्स, पीठ, पट्ट्या-औषधं सगळं जागच्या जागी. मी तर म्हणते मिसळणाच्या डब्याला चाकं लावली.

दुसऱ्या वर्षी लव्हिंगला वाटेत कोमांचे या तिथल्या मूळ जमातीच्या लोकांचे वार लागले आणि फोर्ट समनरला तो वारला. मला परक्या मातीत ठेवू नको, टेक्सासला घरी ने, एवढं मागून गेला. गुडनाईटने मग पुरलेलं काढून, डबे ठोकून केलेल्या पत्र्याच्या पेटीत घालून, वॅगनवरून त्याला वेदरफर्डला आणलं. इथे बसलेल्यांना यातलं "घरी ने" किती लागतं ते मी सांगायला नको.

आता पहिली बायको. मेरी अ‍ॅन, माहेरची डायर. १८७० ला लग्न. १८७६ मध्ये हा गुरं घेऊन पालो ड्युरोत उतरला, पुढच्या वर्षी अ‍ॅडेअर नावाच्या पैसेवाल्याशी भागीदारी करून जेए रँच उभा केला, आणि मेरी तिथे राहायला आली. पुढे तो रँच इतका वाढला की १३ लाख एकरांच्या वर जमीन आणि लाखभर गुरं, पण सुरुवातीला तिला बोलायला बाई म्हणून नाही, महिनेच्या महिने. एका काऊबॉयने तिला पोत्यात घालून तीन कोंबड्या आणून दिल्या. स्वयंपाकासाठी आणल्या होत्या, तिने पाळल्या. त्यांच्याशी गप्पा मारायची म्हणे. मी ८४ साली या देशात आले तेव्हा नवरा कामावर गेला की अपार्टमेंटमधल्या फ्रीजशी बोलायचे, त्यामुळे मला त्या कोंबड्या कळल्या. बायसनची शिकार करून शिकारी कातडी न्यायचे आणि पिल्लं रानात ओरडत राहायची, ती पिल्लं वाचवायचा हट्ट हिचाच, आणि त्या पिल्लांच्या पुढच्या पिढ्या आजसुद्धा टेक्सासच्याच कॅपरॉक कॅन्यन्स स्टेट पार्कमध्ये चरतायत. मूल मात्र दोघांना झालं नाही.

एप्रिल १९२६ मध्ये मेरी गेली. जवळजवळ ५६ वर्षांचा संसार. नवरोबा नव्वदीचे. आधीच मेक्सिकोतल्या खाणींमध्ये बराच पैसा बुडालेला, जेए सोडल्यावरचा स्वतःचा रँचही १९१९ ला विकलेला, फक्त दोघं जिवंत असेपर्यंत घरात राहायची अट घालून. म्हणजे ज्याने १३ लाख एकर सांभाळले तो आता एका घरात एकटा, ते घरही पुरतं आपलं नाही. आणि लोक काऊबॉयच्या एकटेपणाचं कौतुक करतात ना, टोपी, घोडा, सूर्यास्त वगैरे, ते तिशीतल्या माणसाला शोभतं. नव्वदीत एकटं असणं म्हणजे रात्री खोकला आला तर पाणी कोण देणार, एवढाच प्रश्न. तो आजारी पडलाच.

आणि इथे आपल्या ओळखीची गोष्ट येते. मोंटानातल्या ब्यूट गावात एक मुलगी होती, कोरिन. नर्स, शिवाय तारऑफिसचं कामही येणारी. तिचंही आडनाव गुडनाईट! नातं काही नाही. पण आडनाव एक म्हणून पत्रापत्री सुरू झालेली. आपण नाही का, विमानतळावर कोणाच्या बॅगेवर आपलं आडनाव दिसलं की "तुम्ही कुठले? मूळ गाव कोणतं?" सुरू करतो, तसंच. मलासुद्धा आमच्या आडनावाचे एक गृहस्थ सांगलीहून रोज सकाळी गुड मॉर्निंग पाठवतात, फुलांचे फोटो घालून. नात्यातले नाहीत, सांगून ठेवते.

तर ही कोरिन टेक्सासला आली, म्हाताऱ्याची सेवा केली, त्याला उठवून बसवलं, आणि ५ मार्च १९२७ ला, त्याच्या ९१व्या वाढदिवसाला, दोघांनी लग्न केलं. नवरीला आडनावसुद्धा बदलावं लागलं नाही. आपल्याकडे आधी सगोत्र की काय यावर मीटिंग बसली असती.

मला माहितीये तुमच्या मनात काय आलं. जरठ-कुमारी विवाह. माझ्याही आलं. आपल्याकडे या शब्दामागे किती पोरींचं वाटोळं झालं ते आजीकडून ऐकलंय मी, तिच्या मोठ्या बहिणीचं झालं होतं, त्यामुळे ६५ वर्षांचं अंतर ऐकून मी टाळ्या नाही वाजवल्या, अजूनही अंगावर काटा येतो थोडा. पण त्या बहिणीला कोणी विचारलं नव्हतं, आणि तिच्या हातात कमाई नव्हती. कोरिनच्या हातात दोन-दोन कामं होती, तिला कोणी विकलं नव्हतं, आणि गडगंज मिळावं असं फारसं उरलंही नव्हतं. म्हणून मी हसायचं थांबवलं. पटलं असं अजूनही म्हणत नाही.

त्याच्यात मात्र फरक पडला म्हणतात. देवाधर्माच्या वाटेला फारसा न गेलेला हा माणूस तिच्यामुळे शेवटी चर्चमध्ये गेला, आणि कोणत्या पंथाचं चर्च असं कोणी विचारलं तर ते काही सांगता येईना, चांगलं आहे एवढंच ठाऊक. बायकोने नाव घातलं, हा गेला. आपले लोक नाही का सत्यनारायणाला असेच बसतात! थंडी सोसेना म्हणून हिवाळे अ‍ॅरिझोनात काढायचे. तिथेच १२ डिसेंबर १९२९ ला तो गेला, ९३ व्या वर्षी. पावणेतीन वर्षांचा संसार. त्यालाही गावी परत आणलं, मेरीच्या शेजारी.

आम्ही शेवटी त्या स्मशानात गेलो. कबरीभोवतीच्या कुंपणाला येणारे लोक आपापले रुमाल बांधून जातात, काऊबॉय गळ्यात बांधतात तसले, लाल, निळे, उन्हाने पांढरे पडलेले, आणि वारा एवढा की सगळे फडफडतायत. मुलगा गाडीत हॉर्न वाजवत होता. नातू नऊ वर्षांचा, त्याने ती पत्रांची गोष्ट म्युझियममध्ये नीट ऐकली होती. तो माझ्याकडे बघून म्हणाला, "आजी, तुला पण ते सांगलीचे आजोबा रोज मेसेज करतात ना?"

म्हटलं, गाडीत बस.