शाई छापली जाते, मग वीज कुठे अडते?

नमस्कार. उष्णतेतून वीज निर्माण करणारे थर्मोइलेक्ट्रिक पदार्थ शाईसारखे छापता येत असतील तर ते अजून स्वस्त का झाले नाहीत, असा प्रश्न अनेक प्रेक्षकांनी पुन्हा पुन्हा विचारला आहे. त्यामुळे आज त्याच मुद्द्यावर बोलणार आहे.

प्राथमिक भाग थोडक्यात आटोपतो. काही अर्धवाहकांच्या दोन टोकांच्या तापमानांत फरक पडला की व्होल्टेज निर्माण होते. सीबेक यांनी हा परिणाम १८२१ मध्ये शोधला, आणि खोलीच्या तापमानाजवळ आजही बिस्मथ टेल्युराइडचे संयुगच आघाडीवर आहे. ते वितळवून, दाबून आणि इवलेसे तुकडे कापून वापरले जाते. छपाईमुळे ही कापाकापी आणि तिच्यातील नासाडी टळते.

मात्र ‘छापले म्हणजे ऊर्जा वाचली’ हे वाक्य वाचले की मला राहवत नाही. खर्च छपाईत नसून त्यानंतरच्या भट्टीत आहे. शाईत अर्धवाहकाची भुकटी, द्रावक आणि कण धरून ठेवणारा बाइंडर असतो. द्रावक उडून जातो, पण बाइंडर कणांच्या मधोमध ठाण मांडून बसतो आणि तो वीज वाहून नेत नाही. कण एकमेकांना चिकटावेत म्हणून छापलेली पट्टी काही शे अंशांवर तासन्‌तास भाजावी लागते.

घमेली हातोहात पुढे देणारी माणसांची रांग डोळ्यांसमोर आणा. माणसे कितीही धडधाकट असली तरी दोघांमध्ये अंतर पडले की काम तिथेच थांबते. कणाकणांतून जाणाऱ्या विजेचेही तसेच होते.

हे मला अनुभवातून कळले. माझ्या पहिल्या पट्टीवर मल्टीमीटरने अपेक्षेइतके व्होल्टेज दाखवले आणि मी आनंदून गेलो. भार, म्हणजे वीज वापरणारे उपकरण, जोडताच ते जवळजवळ शून्यावर आले. सच्छिद्रतेचा सीबेक गुणांकावर, म्हणजे एका अंशाच्या फरकामागे मिळणाऱ्या व्होल्टेजवर, फारसा परिणाम होत नाही, वाहकता मात्र कोसळते, आणि मल्टीमीटर नगण्य प्रवाह घेत असल्याने हा दोष त्याला दिसत नाही. म्हणून नुसत्या व्होल्टेजचे फोटो पाठवणाऱ्यांना विनंती आहे की कृपया रोधही मोजावा.

यावरचा कमी ऊर्जेचा मार्ग म्हणजे बाइंडर अत्यल्प ठेवणे, मोठ्या कणांच्या फटींत बारीक कण भरणे आणि भट्टीचे बरेचसे काम दाबाकडून करून घेणे. कोळंबी-खेकड्यांच्या कवचांपासून मिळणारा कायटोसान सौम्य आम्लयुक्त पाण्यात विरघळतो. तो अगदी थोडा वापरून, दाबाच्या जोडीने, सुमारे १२० अंश सेल्सिअसवर चांगले परिणाम मिळाले आहेत. ‘बाइंडर शून्यच का करत नाही?’ असे एकाने विचारले होते. मी करून पाहिले. पट्टी उचलताच हातात केवळ भुकटी आली.

दाबही फुकट मिळत नाही. २०० मेगापास्कल दाब म्हणजे दर चौरस सेंटीमीटरला सुमारे दोन टन भार, त्यामुळे नखाएवढ्या नमुन्याला जे सहज जमते ते तळहाताएवढ्या पट्टीला जड जाते. एका वेळी अरुंद भागच दाबणारे रोलर इथे मला अधिक व्यवहार्य वाटतात.

आता फोन चार्ज होईल का, या प्रश्नाकडे वळतो. एका अंशामागे २०० मायक्रोव्होल्ट धरले तर १० अंशांच्या फरकाला प्रत्येक पट्टी २ मिलिव्होल्ट देते, आणि दोन-दोन पट्ट्यांच्या शंभर जोड्या मिळून ०.४ व्होल्ट होतात. व्होल्टेज वाढवणारे सर्किट जोडल्यास अधूनमधून संदेश पाठवणाऱ्या छोट्या सेन्सरचे त्यावर भागू शकते, फोनचे मात्र नाही.